चेहऱ्यावरून पाठीवर

दिल्लीच्या मंडी हाउसजवळच्या कमानी सभागृहात शास्त्रीय नृत्याचा कार्यक्रम असला, की दुपारच्या तालमीत प्रकाशयोजनाकाराला मिळणारी पहिली सूचना ठरलेली असते: चेहरा नीट दिसला पाहिजे. सूचना रास्तच आहे. ज्या नृत्यात भुवईच्या एका हालचालीने विरहिणीची मानिनी होते, तिथे ती भुवई शेवटच्या रांगेपर्यंत पोचायलाच हवी. मग प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या दिव्यांतून समोरून उजेड सोडला जातो आणि सगळा रंगमंच त्यात धुऊन निघतो. या धंद्यातली मंडळी त्याला ‘वॉश’च म्हणतात. डोळे चमकतात, दागिने लखलखतात, मुद्रा स्वच्छ वाचता येतात. फक्त शरीर जरा चपटं होतं. समोरून आलेला प्रकाश सावल्या पाठीमागे ढकलून देतो, आणि सावली गेली की खांद्याचा गोलवा, पोटाची आत-बाहेर, मांडीतला जोर हे सगळं तिच्याबरोबर जातं.

त्याच रंगमंचावर दुसऱ्या संध्याकाळी समकालीन नृत्य असतं, तेव्हा विंगांमध्ये दोन्ही बाजूंना उभे खांब लागलेले दिसतात. प्रत्येक खांबावर तीन-चार दिवे. एक नडगीच्या उंचीवर, एक कमरेशी, एक डोक्याच्या वर. नडगीच्या दिव्याला सगळे ‘शिन’ म्हणतात. हा आडवा प्रकाश नर्तकाच्या अंगाला घासून जातो. उजळ बाजू आणि काळोखी बाजू यांच्या सीमेवर बरगड्या, पाठीची पाती, पोटरीचा स्नायू एकेक करून वर येतात. शिनचा झोत जमिनीला लागू न देता कापला, तर पायांखालची फरशी काळी राहते आणि नर्तक अधांतरी असल्यासारखा भासतो. पाश्चात्त्य बॅले आणि मॉडर्न डान्स यांनी विसाव्या शतकात हे तंत्र घडवलं. नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमबरोबर काम केलेल्या प्रकाशयोजनाकार जीन रोझेन्थाल यांचं नाव त्यात मानाने घेतलं जातं. त्याही आधी, १८९२ मध्ये, पॅरिसच्या फोली बर्जेरमध्ये लोई फुलर रेशमाच्या प्रचंड घेरावर रंगीत विजेचे झोत घेऊन नाचली होती. तिथे बाई जवळजवळ दिसेनाशी झाली आणि नुसत्या उजेडाच्या लाटा नाचू लागल्या.

दिल्लीतल्या समकालीन नृत्याकडे पाहताना मला हा दिव्यांचा प्रवास सगळ्यांत बोलका वाटतो. उजेड चेहऱ्यावरून निघाला आणि हळूहळू पाठीवर उतरला. चेहरा उजळलेला असतो तेव्हा नर्तक कोणाची तरी गोष्ट सांगत असतो: राधेची, द्रौपदीची, नायिकेची. पाठ उजळते तेव्हा सांगायला पात्र उरत नाही. उरतं ते समोरचं शरीर, त्याचा श्वास, त्याचं वजन. दिव्याची जागा बदलली, तसा नृत्याचा विषयही बदलला.

विजेच्या आधीही आपल्या रंगभूमीला उजेडाचा हिशेब सांभाळावा लागतच होता. तमाशाच्या फडात हिलाल होते, संगीत नाटकांत किटसनच्या बत्त्या आल्या, दशावतारात पेट्रोमॅक्स आला. कथकळीत आजही रंगमंचाच्या पुढे मधोमध पितळेचा मोठा दिवा तेवतो. त्या उजेडाची व्याप्ती थोडी, म्हणून नटच उजेडाकडे येई. ज्योत हलली की चेहऱ्यावरचा रंगही हलल्यासारखा वाटे, म्हणजे स्थिर चेहऱ्यालाही थोडी हालचाल उसनी मिळे. विजेने रंगमंच कोपऱ्यापर्यंत उजळला, पण ही थरथर काढून घेतली. पुढच्या प्रयोगशील मंडळींनी प्रकाशात जे काही केलं, त्यातलं बरंचसं ही हरवलेली थरथर वेगळ्या वाटेने परत आणण्यासाठी केलेलं आहे.

त्यातली एक वाट अल्मोड्याहून दिल्लीला आली. नर्तक उदय शंकर यांचं तिथलं नृत्यकेंद्र जेमतेम काही वर्षं चाललं आणि बंद पडलं. १९४१ साली तिथे त्यांनी रामलीला केली, ती सावल्यांची. मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे नर्तक, त्यांच्याही मागे दिवा, आणि पुढे डोंगराच्या अंगावर बसलेले लोक. सावलीच्या खेळाचं गणित साधं आहे. नर्तक दिव्याकडे सरकला की पडद्यावर तो वाढत जातो, पडद्याकडे आला की माणसाएवढा होतो. म्हणजे राक्षसाला अक्राळविक्राळ करायला मुखवटा लागत नाही, दोन पावलं मागे जाणं पुरतं. चेहऱ्यावरचा भाव मात्र पडद्यावर उमटतच नाही. क्रोध असो की करुणा, तो मणक्याच्या बाकातून, हाताच्या कोनातून, चालीतूनच दिसायला हवा. चेहरा काढून घेतला तर नर्तकाकडे काय उरतं, याचा हा कठोर अभ्यास होता.

त्या शाळेची माणसं पुढे देशभर पांगली. गुरुदत्त तिथून निघून पुण्यात प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शनाच्या कामावर रुजू झाले. पुढे त्यांच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करून स्टुडिओत उतरवलेला तो प्रसिद्ध झोत, त्यात दोन माणसं जवळपास न हलता उभी, आणि त्यांच्यातलं अंतर उजेडच मोजतो आहे. अल्मोड्याचे संस्कार कुठवर गेले याचा तो पुरावा मानायला हरकत नाही. उदय शंकर यांच्या ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटाला विष्णुदास शिराळी यांचं संगीत होतं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तालमीत घडलेला हा गडी. त्या चित्रपटातल्या यंत्र आणि कामगार यांच्या नृत्यात माणसंच दांडे होतात, माणसंच चाकं. कृष्णधवल छायाचित्रणात चेहरे मागे पडतात आणि कोपरं, गुडघे, मनगटं यांच्या कडा चकाकतात. ‘कल्पना’ची प्रत पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने सांभाळली होती, म्हणून पुढे तिचं पुनरुज्जीवन झालं आणि आज ती पाहता येते.

दिल्लीत या परंपरेने घरच केलं. अल्मोड्याला शिकलेल्या सुंदरी श्रीधराणी यांनी १९५० मध्ये त्रिवेणी कला संगम सुरू केलं. तानसेन मार्गावरच्या त्याच्या वास्तूत खुला रंगमंच आहे. संध्याकाळचा उतरता उजेड तिथे कार्यक्रमात आपोआप सामील होतो. जोहरा सहगल अल्मोड्याहून निघाल्या आणि अनेक वळणं घेत दिल्लीतच स्थिरावल्या. अल्मोड्याचेच नरेंद्र शर्मा मॉडर्न स्कूलमध्ये शाळकरी मुलांना नाच शिकवत राहिले आणि १९७२ मध्ये त्यांनी ‘भूमिका’ ही संस्था काढली. ‘वुल्फ बॉय’, ‘अंतिम अध्याय’ अशा त्यांच्या रचनांत समूह हाच नायक असतो. दहा शरीरांचा मिळून एक आकार होतो, तो फुटतो, पुन्हा जुळतो. असा आकार समोरच्या सपाट उजेडात नुसती गर्दी वाटेल. कडेचा प्रकाश प्रत्येक शरीराला बाहेरची रेघ देतो आणि मधली फट काळी ठेवतो. तेव्हाच दहांचं मिळून एक काहीतरी होतं.

कथकची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे चेहरा सोडून देण्याची सोयच नाही. दिल्ली हे कथकचं मोठं ठाणं. भारतीय कला केंद्रात शंभू महाराजांकडे शिकलेल्या कुमुदिनी लाखिया यांनी पुढे अहमदाबादला ‘कदंब’मध्ये कथकची ओढणी उतरवली, एकट्याचं नृत्य समूहाला दिलं आणि राधा-कृष्णाच्या कथेशिवायही कथक उभं राहू शकतं हे ‘दुविधा’, ‘धबकार’ यांसारख्या रचनांतून दाखवलं. त्यांच्या आणि बिरजू महाराजांच्या शिष्या अदिती मंगलदास दिल्लीत ‘दृष्टिकोन’ ही संस्था चालवतात. संगीत नाटक अकादमीने २०१२ सालचा पुरस्कार त्यांना सर्जनशील आणि प्रायोगिक नृत्याच्या गटात जाहीर केला, तेव्हा आपली ओळख कथकची आहे या भूमिकेवरून त्यांनी तो नाकारला. वाद गटाचा होता, पण त्याच्या पोटात आपल्या विषयाचाच प्रश्न आहे: पाय तेच, बोल तेच, चक्कर तीच. मग कथक कुठे संपतं आणि समकालीन नृत्य कुठे सुरू होतं?

उत्तर शोधायला एक चक्कर जवळून पाहू. नर्तिका डाव्या टाचेवर तोल घेते, उजवा पाय जमिनीवर वाजतो, शरीर फिरतं आणि मान शेवटपर्यंत समोर थांबून झटक्यात वळते. असे सत्तावीस फेरे, आणि शेवटच्या फेऱ्याला सम. समोरून उजेड असला तर नजर सतत चेहरा शोधते. चेहरा येतो, जातो, येतो, आणि आपण मनात फेरे मोजू लागतो. कौशल्याला दाद मिळते. आता समोरचे दिवे बंद करा आणि दोन्ही विंगांतून प्रकाश द्या, एकीकडून ऊबदार, दुसरीकडून थंड. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात शरीर एका रंगातून दुसऱ्या रंगात जातं. अंगरख्याचा घेर फुलतो, त्याच्या खालून शिनचा झोत आरपार निघतो, कापडाच्या कडेला उजेडाची किनार लागते आणि घुंगरांवर बारीक ठिणग्या उडाल्यासारख्या दिसतात. चेहरा आता ओळखू येत नाही. मोजणी थांबते. समोर नर्तिका आहे हे क्षणभर विसरायला होतं आणि नुसतं फिरणं दिसतं. पायांनी केलेली गोष्ट अक्षरशः तीच आहे. पहिल्या वेळी तिच्यात आपण व्यक्ती पाहिली, दुसऱ्या वेळी गती. सीमारेषा नर्तिकेच्या पायांत शोधून सापडणार नाही, ती बरीचशी विंगेतल्या खांबांवर टांगलेली असते.

मग समेचा क्षण. दिवे चालवणाऱ्याला तालाचं भान नसलं तर सगळा डोलारा इथे कोसळतो. जुन्या हॅलोजन दिव्याची तार तापायला आणि निवायला क्षणाचा काही भाग लागतो. समेवर उजेड हवा असेल तर बोट समेच्या किंचित आधी पडायला हवं, आणि अंधार केला तरी तार थोडा वेळ तांबूस जळत राहते. तबलजी समेकडे येताना जसा श्वास रोखतो तसाच प्रकाशाच्या टेबलावरचा माणूसही रोखतो. तोही साथीदारच असतो. आताचे एलईडी दिवे चाकूने कापल्यासारखे लागतात आणि विझतात. त्यामुळे काम सोपं झालं, पण विझताना रेंगाळणारा तो तांबूस रंग गेला. समेवर ब्लॅकआउट करून टाळ्या घेणं हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. जाणकार माणूस सम झाल्यावरही उजेड ठेवतो. तेव्हा स्थिर उभ्या नर्तिकेची छाती वर-खाली होताना दिसते, घाम दिसतो. परंपरेने हा श्वास नेहमी हसऱ्या चेहऱ्यामागे लपवला. तो दाखवायचा की लपवायचा, हा निर्णय समकालीन वृत्तीचा आहे.

अदितींच्या ‘विदिन’ (२०१३) या प्रयोगाची रचना या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. त्याचे दोन भाग: ‘नॉटेड’ कथकच्या पायावर उभं राहिलेलं समकालीन नृत्य, आणि ‘अनरॅप्ड’ कथक. प्रकाशयोजना नृत्यरचनाकार अक्रम खान यांच्या कंपनीबरोबर काम केलेल्या फाबियाना पिचोली यांची. डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराने हादरलेल्या दिल्लीतलं हे काम आहे. गाठ आणि सुटणं या जोडीला एकाच संध्याकाळी शेजारी ठेवलं, की प्रेक्षकाला कथकचा उजळ चेहराही नव्याने दिसतो. आधी पिळलेली, अंधारात अर्धी बुडालेली शरीरं पाहून झाल्यावर समोर आलेला चेहरा गृहीत धरता येत नाही. तो मिळवावा लागला आहे, हे कळतं.

गती अजिबात नसताना प्रकाश ती कशी दाखवतो, हे पाहायचं तर मंडी हाउसहून जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं. मोहेंजोदडोला १९२६ मध्ये सापडलेली ‘नर्तकी’ तिथे आहे. जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, ओतीव धातूची. उजवा हात कमरेवर, डावा हात मांडीवर टेकलेला आणि खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, मान किंचित मागे, गुडघा वाकलेला, पावलं तुटलेली. ती नाचत नाही, उभी आहे. तरीही तिला नर्तकी म्हणावंसं का वाटलं, हे समोरून पाहून कळत नाही. थोडं बाजूला सरकलं की दिसतं. कमरेवरच्या हातामुळे कोपर आणि कूस यांच्यामध्ये त्रिकोणी पोकळी तयार होते, तिच्यातून पलीकडचं दिसतं. बांगड्यांच्या कडा एकाखाली एक उजेड पकडतात. पाठीच्या खोलगट रेषेत सावली साचते आणि सगळा भार एका पायावर गेल्याचं जाणवतं. भार टाकलेला माणूस तो पुढच्या क्षणी काढणार असतो. त्या येऊ घातलेल्या क्षणात नृत्य आहे. दिल्लीचे नृत्यरचनाकार मनदीप रायखी यांनी या मूर्तीवरूनच ‘हॅल्यूसिनेशन्स ऑफ ॲन आर्टिफॅक्ट’ ही रचना केली. काचेच्या पेटीतल्या वस्तूला शरीर परत देण्याचा तो प्रयत्न.

रायखी यांची त्याआधीची ‘क्वीन-साइज’ (२०१६) ही रचना मात्र आपल्या विषयाचा कळस म्हणावी अशी आहे. एक खाट, खाटेवर दोन पुरुष, आणि त्यांच्या जवळिकीचा बारकाईने केलेला अभ्यास. प्रयोग सुमारे अडीच तास चालतो. प्रेक्षकाने हवं तेव्हा यावं, हवं तेव्हा उठावं. ललित खटाना आणि परिणय मेहरा यांनी तो केला, प्रकाश जोनाथन ओहेअर यांचा आणि ध्वनी यासुहिरो मोरिनागा यांचा. शयनगृहातली वर्तणूक हा सगळ्यांचा प्रश्न का आहे, यावर चित्रपटकार निशीत सरन यांनी २००० साली लिहिलेल्या लेखातून ही कल्पना सुचली.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, आणि त्या खटल्याला नाव आहे ते नवतेज जोहर यांचं, म्हणजे दिल्लीच्याच एका नर्तकाचं. ‘क्वीन-साइज’ या दोन तारखांच्या मधल्या काळातलं. खाटेवर जे घडतं ते तेव्हा कायद्याच्या लेखी गुन्हा ठरू शकत होतं. अशा वेळी रंगमंचावरचा दिवा निव्वळ दिवा राहत नाही. पोलिसांची बॅटरीही उजेडच पाडते आणि शेजाऱ्याच्या खिडकीतूनही उजेडच येतो. नृत्याने ठरवायचं असतं की आपला दिवा कोणत्या जातीचा. समोरून, चेहऱ्यावर मारला तर तो जबाब घेतो: कोण आहात, काय करताय? हाच प्रकाश कडेने, अंगाजवळून आला की प्रश्न विचारत नाही. त्यात खांदा खांद्याला टेकतो, पाठ वळते, हात थांबतो, खाट करकरते. किती बळ लावलं, किती सोडलं, कोण कोणाला सावरतं हे स्नायूंच्या सावल्यांतून वाचता येतं. प्रेक्षकाला सनसनाटीची आशा असली तर ती अर्ध्या तासात विरते. अडीच तास इतक्या जवळून पाहिल्यावर समोर दोन शरीरं उरतात. थकणारी, कंटाळणारी, पुन्हा जवळ येणारी. मला या कामाचं मोठेपण इथे वाटतं. त्याने युक्तिवाद केला नाही, पाहण्याची रीत बदलली.

या सगळ्या कौतुकाला एक पुरवणी जोडायला हवी. आडवा प्रकाश आता फॅशन झाला आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनापासून कंपन्यांच्या सोहळ्यापर्यंत निळा बॅकलाइट, धूर आणि दर आठ मात्रांना ब्लॅकआउट, असा साचा बसला आहे. झोत दिसायला हवेत कण लागतात, म्हणून हेझ मशीन सोडतात. दिल्लीच्या नोव्हेंबरात त्याची गरज पडू नये, असं कोणी म्हटलं तर तो निव्वळ विनोद नाही. अशा वेळी झोतच इतका देखणा होतो की नर्तकाने फक्त त्यात उभं राहायचं बाकी असतं. प्रकाश स्वतः नाट्य घडवू शकतो हे दिल्लीत वाढलेले प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मध्येच कोलकात्याच्या ‘अंगार’ नाटकात दाखवलं. कोळशाच्या खाणीत चढत जाणारं पाणी त्यांनी नुसत्या उजेडाने उभं केलं होतं. पण ते पाणी खाणीत अडकलेल्या माणसांसाठी होतं. गोष्टीला गरज होती म्हणून उजेड हलला. उजेड हलवता येतो म्हणून गोष्ट रचली नव्हती.

आणि चेहऱ्याचं काय? तो हरला असं मानायचं कारण नाही. पाठीवर उतरलेल्या प्रकाशाने चेहऱ्यावरचं ओझं कमी केलं. दर क्षणी बोलत राहण्याची सक्ती गेल्यावर तो गरज असेल तेव्हाच बोलू शकतो. ज्या रचनाकाराला चाळीस मिनिटं चेहरा अंधारात ठेवून एकेचाळिसाव्या मिनिटाला उजळता येतो, त्याला अभिनयाची किंमत परंपरेच्या कडव्या पुरस्कर्त्याइतकीच कळलेली असते. म्हणून पुढच्या वेळी कमानीत किंवा त्रिवेणीत बसाल तेव्हा नर्तक काय करतो याबरोबरच दिवा कोणत्या बाजूने आला, किती उंचीवरून आला आणि समेच्या आधी विझला की नंतर, हेही पाहा. रचनाकाराला माणूस दाखवायचा आहे, पात्र दाखवायचं आहे की फक्त स्वतःचं कसब, हे तेवढ्यावरून बहुतेक वेळा ओळखता येतं.